घर घेतांना आपण काय विकत घेतों?



घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज पुष्कळांवर घर बांधण्याऐवजीं विकत घेण्याचाच प्रसंग येतो आणि जन्माची पुंजी एका सहीसरशीं दुसऱ्याच्या हातीं जाते. साताऱ्यास किंवा सांगलीस घर पाहणारा मनुष्य भिंती पाहतो, पाण्याची सोय पाहतो, उजेड आणि वारा पाहतो. विकणाऱ्याचा हक्क मात्र क्वचितच पारखतो. भिंती डागडुजीनें सुधारतात. हक्कांतील दोष पैसे दिल्यानंतर सुधारणें फार कठीण. म्हणून या बाबतींत वारंवार विचारल्या जाणाऱ्या कांहीं प्रश्नांचा आज विचार करूं.

पहिला प्रश्न असा कीं, सरकारी कचेरींत दस्त नोंदला म्हणजे मालकी पक्की झाली ना? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदलेल्या दस्तानेंच विकतां येते. तेव्हां नोंदणी अवश्य आहे. परंतु ती दस्ताची नोंदणी होय. विकणाऱ्याची मालकी निर्दोष असल्याची हमी सरकार त्या शिक्क्यानें देत नाहीं. ज्याच्यापाशीं जेवढा हक्क असेल, तेवढाच तो दुसऱ्यास देऊं शकतो. पुढील सर्व उत्तरें या एका तत्त्वांतून निघतात.

सातबाऱ्यावर नांव आहे, मग शंका कशाला, असें कित्येक विचारतात. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें त्यांतील नोंदी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. पण फेरफाराच्या नोंदीनें मालकी जन्मास येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें अनेकवार सांगितलें आहे. खेड्यांतील ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती यांवरून तर घराच्या कराची आकारणी कोणाच्या नांवें आहे, एवढेंच कळतें. म्हणून उतारा पाहून थांबूं नये. ती नोंद ज्या दस्तावरून झाली, तो दस्त मागावा.

मागचे कागद किती वर्षांचे पहावे? निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा, असा वकिलांचा परिपाठ आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक दोन पाहिली म्हणजे पूर्वीचीं खरेदीखतें आणि नोंदलेलीं गहाणखतें कळतात. आपल्या भागांत इतिहासाचाही एक पदर आहे. १९४८ सालीं सांगली संस्थान विलीन झालें. १९४९ सालीं जुन्या साताऱ्याचे तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके आणि संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जुन्या कागदावर आजच्या जिल्ह्याचें नांव नसलें तर दचकूं नये. पण त्यांतील चतुःसीमा आजच्या नकाशाशीं जुळतात कीं नाहींत, हें अवश्य पहावें.

यानंतरचा प्रश्न सह्यांचा. वडिलार्जित वाडा थोरला भाऊ एकटा विकूं शकतो काय? हिस्सेदारांनीं त्यास तसा अधिकार दिला नसेल, तर तो स्वतःच्या हिश्शापुरतेंच बोलूं शकतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा असा हिस्सा परक्यानें घेतला, तरी त्यास घरांत येऊन राहण्याचा हक्क मिळत नाहीं. वाटपाचा दावा करावा लागतो, आणि त्या दाव्यांत १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणें घरचे लोक त्याचा हिस्सा किंमत देऊन परत घेऊं शकतात. बहिणींना तर विसरूंच नये. २००५ च्या दुरुस्तीनें कन्येस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्या वेळीं हयात नसले तरी तो मिळतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. बहीण सासरीं नांदत आहे, ती काय मागणार, हें उत्तर विकणाऱ्यास शोभेल. घेणाऱ्यास परवडणार नाहीं. तिची सही किंवा नोंदलेलें हक्कसोडपत्र पहावें.

जागा कोणत्या प्रकारची, हेंही पहावें लागतें. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असें असेल, तर ती जमीन वतनाची, पुनर्वसनाची किंवा अन्य शर्तीची असूं शकते. तेथें सरकारी पूर्वपरवानगीवांचून व्यवहार करूं नये. गुंठेवारी हा शब्द सांगली-मिरजेच्या माणसास समजावून सांगावयास नको. त्यासाठीं २००१ सालीं कायदा झाला. परंतु कायदा झाला म्हणून प्रत्येक भूखंड आपोआप नियमित होत नाहीं. त्या भूखंडाचें नियमितीकरणाचें प्रमाणपत्र हातीं घेऊन पहावें. कृष्णाकांठीं तर पूररेषेचा नकाशाही पहावा. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्र बांधकामास निषिद्ध मानलें जातें. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनीं पाहिले, त्यांना याचें कारण वेगळें सांगणें नको.

आतां साठेखत आणि खरेदीखत यांतील भेद. साठेखत हा पुढें विकण्याचा करार होय. त्यानें मालकी येत नाहीं. ठरलेल्या दिवशीं खरेदीखत झालें नाहीं, तर करार पुरा करून मागण्यास त्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत असते. कुलमुखत्यारपत्र घेऊन घर घेतलें असें मानणेंही चूक आहे. तसल्या व्यवहारानें मालकी जात नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. नव्या इमारतींतील सदनिका असेल, तर २०१६ च्या कायद्याखालीं त्या प्रकल्पाची नोंद महारेराकडे आहे काय तें पहावें. नोंदणीस पात्र अशा प्रकल्पांत, करार नोंदण्यापूर्वीं किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची बांधकाम करणारास मनाई आहे.

सारांश, क्रम असा ठेवावा : आधीं कागद, मग स्वतःच्या वकिलाचा अभिप्राय, मग लेखी करार व विसार, आणि शेवटीं खरेदीखत, बाकी रक्कम व ताबा. विकणाऱ्याच्या वकिलावर विसंबूं नये. तो सज्जन असला तरी दुसऱ्या पक्षाचा आहे. “आजच विसार द्या, उद्यां दुसरें गिऱ्हाईक येणार आहे,” असें कोणी म्हणूं लागलें, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकास खुशाल येऊं द्यावें. घर आणखी मिळेल. जन्माची पुंजी पुन्हा जमविण्यास दुसरा जन्म मिळत नाहीं.