सरंजामशाही : तिकडची आणि आपल्याकडची
(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मध्ययुगीन युरोपचा पाठ शिकवीत असता एका मुलाने विचारले, "सर, सरंजामदार म्हणजे आपले जहागीरदारच ना? म्हणजे तेव्हा आपलेच राज्य होते!" वर्ग खूश झाला. मी हजेरीपट उघडला. जहागीरदार एक, इनामदार दोन. बाकी बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, मुलाणी, तांबोळी आणि पुष्कळ शेख. मी आज बोलणार आहे ते या हजेरीपटाविषयीच.

युरोपात राजाने सरदाराला जमीन द्यावी आणि सरदाराने स्वार घेऊन राजासाठी लढावे, अशी रीत पडली. पुढे ती जमीन वंशपरंपरेची झाली. तिच्यावर राबणारा भूदास धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडू शकत नसे. आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतात फुकट राबायचे, मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसे भरायचे. पुष्कळ ठिकाणी दळणसुद्धा धन्याच्याच गिरणीत न्यावे लागे आणि त्याचा वाटा द्यावा लागे. आपली आजी निदान घरच्या जात्यावर दळीत होती! १३४७ ते १३५१ च्या प्लेगात युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे दगावली, मजूर दुर्मिळ झाला, तेव्हा कुठे पश्चिमेकडच्या भूदासाच्या शब्दाला किंमत आली.

आपल्याकडे 'सरंजाम' हा शब्दच फारशीतून आला. फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख तो सरंजाम. पण साम्य फार ताणू नये. मोगलांच्या जहागीरदाराची बदली होत असे. इकडे पडीक जमीन पुष्कळ. जुलूम वाढला की रयत गाव सोडून जाई आणि कौल देऊन तिला परत आणावे लागे. मलिक अंबर हे जाणून होता. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, आणि पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविण्याची त्याची पद्धत १६२६ साली तो वारल्यावरही लोकांच्या स्मरणात राहिली. तो कोणाचा जहागीरदारपुत्र नव्हता, हे मुलांना मी मुद्दाम सांगतो.

आपला मुलूख पुढे हैदराबाद संस्थानात गेला. तिथे जहागिरी, पायगा आणि निजामाचे खाजगी सर्फ-ए-खास मिळून राज्याचा मोठा भाग खालसाबाहेर होता. पहिल्या सालारजंगांनी १८५३ ते १८८३ या काळात महसुलाची घडी बसवली, पण तिचा लाभ मुख्यतः खालसा गावांना. ओढा ओलांडून जहागिरीच्या गावात गेले की साऱ्याचा दर वेगळा, आणि काही ठिकाणी पोलीस व न्यायही जहागीरदाराचाच. अंमलदाराचा मुक्काम पडला की लाकूडफाटा, वैरण, ओझे वाहणे ही वेठबिगार आली. पहिली हाक महारवाड्याला, पण अत्ताराची किंवा पिंजाऱ्याची पाठ त्यातून सुटत होती असे समजू नका. मुलाण्याला खळ्यावर बलुते मिळे, तेही लोहार-सुतारांच्याच रांगेत उभे राहून. आणि जहागीरदारांत हिंदू घराणीही होती. महाराजा किशनप्रसादांचे घराणे प्रसिद्धच आहे. धनी कोण हे धर्मावरून ठरत नव्हते, राबणारा कोण हेही नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करण्याचा कायदा आला, १९५० मध्ये कूळकायदा आला. जहागीरदारांना मोबदला ठरला. पण त्यांच्या देवडीवर ज्यांचे पोट होते ते शिपाई, मोतद्दार, बावर्ची, कारकून यांची नावे सनदेत नव्हती. त्यांच्यातील अनेकांना फारसी-उर्दूपलीकडे काही येत नव्हते आणि कचेरीची भाषा तर बदलत चालली होती. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्यांतलेच. मुलगा म्हणतो, आपले राज्य होते. मी त्याला विचारतो, तुझे पणजोबा त्या राज्यात काय करीत होते? त्याला ठाऊक नसते. बहुधा घरी कोणी सांगितलेलेच नसते, लाजेपोटी.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. ट्रंकेत एखादी जुनी सनद, साऱ्याची पावती, मोडीतला किंवा फारसीतला कागद असेल तर मुलाबरोबर वर्गात पाठवा. जाणकाराकडून वाचून घेऊ आणि जसाच्या तसा परत करू. कागद नसेल तर पणजोबांचा धंदा, गाव आणि बलुते किती मिळे, एवढे वहीत लिहून द्या. एका मुलाने परवा घरचे पिंजण आणले होते. तात तुटलेली होती, पण मधल्या सुट्टीतही वर्ग त्याच्याभोवतून हलला नाही.