रोजच्या गाडीने किरणोपचार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात तीन रुग्ण भगिनींच्या वतीने वाचण्यात आलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढे ‘मनोगत’ असा शब्द छापला आहे. वास्तविक ही तीन मनोगते आहेत. आम्ही तिघींनी दोन रविवार एकत्र बसून ती एकाच कागदावर उतरवली आणि वाचण्याचे काम आमच्यातील शिक्षिकेवर सोपवले, कारण मोठ्याने वाचण्याची सवय तिलाच. ती कर्जत तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसरी खोपोलीकडील एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगचे काम करीत होती. तिसरी कशेळ्याच्या पलीकडील एका वाडीतून भाजी, आणि हंगामात करवंदे-जांभळे घेऊन कर्जत स्टेशनबाहेर बसते. आमची नावे आम्ही मुद्दाम सांगत नाही. त्यामागे लाज नाही. एकीच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमची ओळख याच रुग्णालयातील ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर झाली. स्तनातील गाठ, तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रिया, मग केमो या वाटेने आम्ही तिघी थोड्याफार अंतराने गेलो होतो, आणि तिघींनाही आता किरणोपचार घ्यावयाचे होते. त्याचे यंत्र आपल्या रुग्णालयात नाही. दोघींना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागले, तर एकीला त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात. परळचे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ही माहिती तेथे रांगेत बसल्या बसल्या आम्हांस मिळाली. अणुऊर्जा हा शब्द ऐकून भाजीवाल्या भगिनीने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

आमच्याकडे किरणोपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात. या शब्दांनीच अर्धी भीती उत्पन्न होते. शेक म्हटले की भाजणे आले आणि लाईट म्हटली की झटका आला. प्रत्यक्षात दोन्ही नाही. प्रथम एक दिवस नुसत्या मापांचा असतो. सी.टी. स्कॅनच्या यंत्रावर निजवून छातीवर खुणा करतात. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून आंघोळ जपून करावी लागते आणि झंपरांना डाग पडतात ते वेगळेच. त्यानंतर रोज, शनिवार-रविवार सोडून, त्याच स्थितीत निजावयाचे. हात डोक्यावर घेतलेला, छाती उघडी, खोलीत आपण एकट्या. तंत्रज्ञ बाहेरून पडद्यावर पाहत असतात आणि ध्वनिक्षेपकावरून बोलतात. यंत्र भोवती फिरते, घरघरते, अंगाला लागत नाही. मेजावरून उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे. बाहेर आल्यावर शरीरात किरण शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे नातवंडाला मांडीवर घेण्यास कसलीही हरकत नसते. हे वाक्य आमच्या एका भगिनीच्या सासूबाईंना डॉक्टरांनी स्वतः सांगितले तेव्हाच त्यांच्या घरातील वेगळी ठेवलेली ताटवाटी पुन्हा मांडणीवर आली.

हात डोक्यावर घेणे हे ऐकण्यास सोपे आहे. काखेतील गाठी काढल्यानंतर तो हात कानाच्या वर जात नाही, आणि हात वर गेला नाही तर मापेही घेता येत नाहीत. येथील व्यायामोपचार विभागातील ताईंनी आमच्याकडून भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा करून घेतला व भिंतीवर पेन्सिलीने रोजच्या रेघा मारल्या. आमच्यातील शिक्षिकेने त्या रेघा शाळेच्या फळ्यावर मारल्या. मुलांना वाटले, बाई भूमिती शिकवीत आहेत.

उपचार दहा मिनिटांचा आणि प्रवास दिवसभराचा, अशी आमची स्थिती होती. कर्जतपासून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. जलद गाडीने दादरला उतरावयाचे तरी पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. खोपोलीहून निघाले तर अर्धा तास अधिक, आणि वाडीवरून निघाले तर आधी स्टेशन गाठण्यासाठी सहा आसनी रिक्षा भरण्याची वाट पाहणे आले. खारघरला जाणाऱ्या भगिनीस खालापूर-चौक-पनवेल असा एस.टी.चा रस्ता होता. घरी परतेपर्यंत भाजीचा बाजार उठलेला, शाळा सुटलेली. ही यातायात एक-दोन दिवस कोणीही करील. ती आठवड्यातून पाच दिवस, तीन-चार आठवडे करावयाची होती, आणि तीही केमोने आधीच खचलेल्या शरीराने.

येथे आम्हांस एक गोष्ट सांगावयाची आहे. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्यासाठीच आहे.

आमच्या भाजीवाल्या भगिनीची गाठ फार मोठी नव्हती. फक्त गाठ काढून स्तन राखता येईल, मात्र त्यानंतर किरणोपचार घ्यावेच लागतील, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तिला समजावले होते. गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे इटली आणि अमेरिका येथे वीस वर्षे पाठपुरावा करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांतून दिसून आले आहे. डॉक्टरांचा सल्ला योग्यच होता. तिने एकच प्रश्न विचारला, “किती दिस जावं लागंल?” दिवसांचा आकडा ऐकल्यावर तिने घरीही न विचारता सांगून टाकले, “मग सगळंच काढा.” भाजीची पाटी इतके दिवस बंद ठेवली तर घरात काही येणार नाही, आणि बसण्याची जागाही दुसरी कोणी घेईल, एवढाच तिचा हिशेब होता. पुढे अहवालात काखेतील बऱ्याच गाठी बाधित निघाल्या. त्यामुळे संपूर्ण स्तन काढूनही किरणोपचार चुकले नाहीत. ज्या प्रवासासाठी तिने स्तन दिला, तो प्रवास तिला करावाच लागला.

या निर्णयाबद्दल आम्ही तिला कधी बोल लावला नाही आणि तिनेही स्वतःला लावलेला नाही. परंतु शस्त्रक्रियेचा प्रकार गाडीच्या वेळापत्रकाने ठरावा, ही गोष्ट आम्हां तिघींनाही अजून डाचते.

नोकरीचे म्हणाल तर आमच्या तिघींच्या तीन तऱ्हा झाल्या. शिक्षिकेचे त्यातल्या त्यात निभावले. मुख्याध्यापकांनी पहिल्या दोन आठवड्यांत अर्धा दिवस सांभाळून घेतले व पुढे वैद्यकीय रजा मिळाली. काम करीत राहिल्याने मन ताळ्यावर राहिले, असे ती म्हणते. कोणी काम सोडावे अथवा धरावे याबद्दल आमचा आग्रह नाही, पण ज्या स्त्रीस अर्धा दिवस काम करणे झेपते व हवे असते, तिला ते नाकारू नये असे आम्हांस वाटते. थकवा कसा येतो, हे मात्र वरिष्ठांनी समजून घ्यावे. पहिल्या आठवड्यात काहीच वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा उन्हात रापल्यासारखी लाल होते, स्तनाखालच्या घडीत चुरचुरते आणि दुपारी अंगातील वारे काढून घेतल्यासारखे होते. उपचार संपल्यावर तो लगेच उतरत नाही, उलट एक-दोन आठवडे वाढतोच. नेमके तेव्हा सगळे म्हणतात, आता संपले ना? मग या कामावर.

कारखान्यातील भगिनीने आजार लपवला. दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी खारघर, दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत पॅकिंग, तेही अंगाला चिकटणाऱ्या टेरिकॉटच्या गणवेशात. आत नवऱ्याचा जुना सुती सदरा घालून तिने तेरा दिवस काढले. चौदाव्या दिवशी खोक्यांवर टेकलेली असताना पर्यवेक्षकांनी पाहिले व कारण सांगावे लागले. कंत्राटदाराने “बरी होऊन ये, मग बघू” असे म्हटले आणि पुढल्या महिन्यापासून हजेरीपटावर तिचे नाव राहिले नाही. ते काम तिला परत मिळालेले नाही. आता ती घरगुती डबे करते.

तिचे विमा कार्ड पर्समध्येच होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगाचा समावेश दीर्घकालीन आजारांत आहे. पात्र कामगारास त्यासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के इतका लाभ मिळू शकतो. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगारास कामावरून काढू नये, ही तरतूद १९४८ च्या मूळ कायद्यातच करण्यात आली होती. परंतु त्यासाठी विमा दवाखान्यातील डॉक्टरांचा दाखला आधी घ्यावा लागतो आणि वर्गणी सलग भरलेली असावी लागते. तिने दाखला घेतला नव्हता, कारण दाखला घेतला तर आजार कळेल अशी तिला भीती होती. कंत्राटदार बदलल्यामुळे वर्गणीतही खंड पडला होता. आपल्या समाजसेवा विभागाने पुष्कळ पत्रव्यवहार केला. आजार कळल्याच्या दिवशीच कोणी हे सांगितले असते तर कदाचित वेगळे घडले असते.

उपचाराच्या खर्चाचा भार सरकारी योजनेने बराच उचलला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते व तीत किरणोपचार समाविष्ट आहेत. मात्र बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही.

पावसाळ्याची हकीकत थोडक्यात सांगतो. या मार्गावर २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती व हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते, हे आपणांस आठवत असेल. आमच्या वेळी तसे संकट आले नाही, पण गाड्या बंद पडून भाजीवाल्या भगिनीचे तीन दिवस चुकले. किरणांच्या मात्रा ठरलेल्या अंतरानेच जाव्या लागतात, मध्ये मोठा खंड पडला तर उरलेल्या पेशींना सावरण्यास अवसर मिळतो. ती घाबरून रडत येथे आली. तेव्हा समाजसेवा विभागातील ताईंनी धावपळ करून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तिची व तिच्या बहिणीची सोय लावून दिली आणि या संस्थेने दोघींच्या जेवणाखाण्याचा खर्च दिला. चुकलेले दिवस पुढे भरून काढण्यात आले. देणगीची रक्कम छापील अहवालात एका ओळीत येते, म्हणून ही ओळ कोठे गेली हे सांगितले.

लोकलमधील राखीव डब्याबद्दलही एक सांगतो. अपंगांसाठी राखलेल्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांसही बसता येते. पण आमच्याकडे पाहून आजार दिसत नाही. “ताई, हा डबा तुमचा नाही,” असे आम्हांस अनेकदा ऐकावे लागले. उपचाराचे कार्ड दाखवले की लोक उठून जागा देत, हेही तितकेच खरे. एका कुबडीवाल्या आजोबांनी तर रोज खिडकीजवळची जागा धरून ठेवण्याचा परिपाठच ठेवला होता.

शेवटी एक आशेची गोष्ट. पूर्वी हे उपचार पाच आठवड्यांचे, पंचवीस वेळा असत. इंग्लंडमधील अभ्यासांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि त्यानंतर तीन आठवड्यांत पंधरा वेळा देण्याची पद्धत रूढ होत गेली. आम्हां तिघींना तशीच दिली, शिक्षिकेस गाठीच्या जागी काही मात्रा अधिक. २०२० साली ब्रिटनमधील ९७ केंद्रांतील ४०९६ रुग्णांच्या अभ्यासात एका आठवड्यात पाच मात्रांनीही तसाच परिणाम साधतो असे आढळले. हे प्रत्येकीस लागू पडेलच असे नाही. काखेपर्यंत किरण द्यावयाचे असले किंवा आजार पुढचा असला तर डॉक्टर वेगळे ठरवतील. आमच्या भाजीवाल्या भगिनीलाही पाच दिवसांत भागले असते असे कोणी म्हणू शकत नाही. तरी हे ऐकल्यावर ती म्हणाली, “पाच दिस तर मी जावेला बसवलं असतं पाटीवर.” म्हणून आमची येथील डॉक्टरांना विनंती आहे की, शस्त्रक्रियेचा निर्णय विचारण्यापूर्वी किती दिवस लागतील, कमी दिवसांत होईल का, राहण्याची सोय कोठे होईल आणि सोबत येणाऱ्या बाईच्या मजुरीचे काय, हे सर्व बाईसमोर मांडावे. विश्वस्तांना विनंती अशी की, प्रवासखर्चासाठी ठेवलेल्या रकमेतून सोबतीच्या बुडालेल्या रोजगारासही काही द्यावे. एकटी बाई चार दिवस जाते, पाचव्या दिवशी जात नाही.

आम्ही तिघींनी मिळून एक वही केली आहे. कोणत्या गाडीने निघावे, दादरला कोणत्या जिन्याने उतरावे, कोणते कागद लागतात व त्यांच्या किती प्रती काढाव्यात, विमा दाखला कोणत्या दिवशी मागावा, साबण-पावडर का टाळावी आणि त्वचेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही, अगदी खोबरेल तेलही, का लावू नये, हे सर्व मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या शाळेतील मुलींनी चित्रे काढून दिली आहेत. ही वही आज आम्ही बाह्यरुग्ण विभागात, केसपेपरच्या खिडकीशेजारी दोरीने बांधून ठेवीत आहोत. मागची निम्मी पाने कोरी आहेत. तेथे पेनही बांधले आहे.