भाड्याची जागा आणि आपला संसार

पुनर्विकास म्हणजे काय, हे ठाण्याच्या नौपाड्यात समजावून सांगण्याची गरज नाही. गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत एखादी तरी इमारत पत्र्यांआड गेलेली असतेच. माणसं तेवढ्यापुरती भाड्याच्या जागेत राहायला जातात. भिंती दुसऱ्याच्या, कपाट, देव्हारा, फायली मात्र आपल्या.

क्लाउडमधलं व्हर्च्युअल मशीन ही तशी भाड्याची जागा आहे. इतके प्रोसेसर, इतकी मेमरी, इतक्या तासांचं भाडं. संसार असतो डिस्कवर. आणि नावात ढग असला तरी हे सगळं जमिनीवरच आहे. ठाण्याहून वाशीची गाडी पकडा. ऐरोली, रबाळे, म्हापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतील.

एका मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता मला फोन आला. ओळखीच्या एका हिशेबनिसांच्या कचेरीत बिल कमी करायचं म्हणून कुणीतरी मशीनच डिलीट केलं होतं. मी एवढंच विचारलं, "डिस्क आहे ना?" मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर क्लाउडमध्ये मशीन काढताना 'डिस्कही काढा' अशी खूण केली नसेल, तर डिस्क मागे राहते. तिचं भाडंही चालू राहतं! त्या रात्री तो खर्च सत्कारणी लागला.

आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेतला. ही पायरी घाईत गाळू नका. स्नॅपशॉटवरून दुसरी डिस्क, त्या डिस्कवरून मशीन. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. डिस्क ज्या विभागात, मशीनही त्याच विभागात लागतं. अ‍ॅझूरच्या पुणे विभागातली डिस्क मुंबई विभागातल्या मशीनला सरळ जोडता येत नाही. गूगलकडेही अशी तयार डिस्क थेट वापरता येते. अ‍ॅमेझॉनकडे मात्र स्नॅपशॉटवरून आधी इमेज बनवावी लागते.

इथे पुष्कळ जाणकारही गल्लत करतात. साचा म्हणून बनवलेली इमेज म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. विंडोजमध्ये सिसप्रेप चालवून मशीनची ओळख पुसलेली असते. तिच्यावरून हवी तितकी नवी मशीन काढा. जुनी डिस्क म्हणजे नांदतं घर. तिच्यावरून मशीन उभं करताना अ‍ॅझूर नवं युजरनेम विचारतच नाही, कारण मशीनचं नाव, खाती, पासवर्ड सगळं आतच आहे. तिच्या दोन प्रती काढून एकाच नेटवर्कवर सोडल्यात, तर एकाच नावाचे दोघे दारात उभे राहतील.

साडेबाराला मशीन सुरू झालं. पासवर्ड मात्र नोकरी सोडून गेलेल्या मुलापाशी होता! अ‍ॅझूरमध्ये तो बदलायची सोय आहे, म्हणून निभावलं.

उद्या कचेरीत गेलात की डिस्कची यादी उघडून पाहा. कुठल्याच मशीनला न जोडलेली एखादी सापडली, तर तिच्यात काय आहे ते आधी चार जणांना विचारा आणि मगच ती काढा.