फिल्टरला विरजण लावावं लागतं

आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीबद्दल, आणि त्यातही तिचं पाणी शुद्ध ठेवणाऱ्या फिल्टरबद्दल. आमच्या गटातल्या सात जणी गेली चार वर्षं गप्पी आणि मोली हे शोभेचे मासे वाढवतात, आणि तालुक्याच्या गावी लोकांच्या घरी टाक्या बसवून देतात. त्यामुळं बैठकीत, बाजारात, एसटीत, कुठंही कुणी भेटलं की माशांचाच प्रश्न निघतो. परवा एका काकींनी तो फार नेमका विचारला. म्हणाल्या, "अगं, आशाताईनं आमच्या दारातल्या हौदात डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडले. त्यांना ना फिल्टर, ना खाणं, ना कुणाची देखभाल. वर्षात हौद पिल्लांनी भरला. आणि सुनेनं तेच गप्पी, जरा रंगीत, बाजारातून आणून काचेत ठेवले तर चौथ्या दिवशी पोटं वर. असं का?"

काकींच्या प्रश्नातच सगळं आलं. हौदात हजार-दोन हजार लिटर पाणी असतं. सोडताना मासे पाच-दहा. भिंतीला हिरवं शेवाळ, खायला अळ्या, वरून कुणी दाणे टाकत नाही. आता काचेची टाकी बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत जेमतेम ५० लिटर पाणी बसतं, म्हणजे चार हंडे. त्यात आपण डझनभर मासे सोडतो आणि पोरं येता-जाता चिमूट चिमूट खाणं टाकतात. मासे त्याच पाण्यात खातात, त्यातच घाण करतात आणि त्यातच श्वास घेतात.

सकाळी बंद गोठ्याचं दार उघडलं की नाकात झोंबतो तो वास आठवा. तो अमोनिया. माशाच्या अंगातूनही अमोनियाच बाहेर पडतो, बराचसा कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजलं की आणखी वाढतो. तो पाण्यात विरघळलेला असल्यामुळं डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं आणि मासे वर येऊन तोंड उघडत असतात. पावसाळ्यात आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो आणि पाणी निवळलं की समाधान मानतो. माशांच्या टाकीत ते चालत नाही. निवळलेलं पाणी आणि माशाला मानवणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुरटी टाकीत तर अजिबात फिरवू नका, तिच्यानं पाण्याचा आंबटपणा एकदम बदलतो.

मग फिल्टर नेमकं करतो काय? गाळतो, पण ते त्याचं लहान काम. मोठं काम त्याच्यात राहणारे जिवाणू करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही माशाला विषच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. शेतात युरिया टाकल्यावर मातीत असंच चालतं, आणि शेवटी पिकाला नायट्रेट मिळतं. टाकीत हे जिवाणू काचेवर, खड्यांवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजात घर करतात, कारण तिथं सतत पाणी वाहतं आणि हवा मिळते.

हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. ते कसं कळलं, तेही सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका ताईनं गटाच्या अंतर्गत कर्जातून ८,००० रुपये घेऊन तीन टाक्या लावल्या. मोली छान वाढत होते, दोन माद्या पिल्लं टाकायच्या बेतात होत्या. एका दुकानदाराची मागणीही आली होती. महिन्याभरानं आम्ही बघायला गेलो तर स्पंज काळपट, बुळबुळीत झालेले. आम्ही म्हणालो, "ताई, उद्या गिऱ्हाईक येणार, हे काय असं? चांगले स्वच्छ धुऊन टाका." आपल्याला लहानपणापासून वळणच तसं. भांडं राखेनं घासून लख्ख करायचं, उंबरठा सारवायचा, बुळबुळीत दिसलं की घासायचं. ताईनं तिन्ही टाक्यांचे स्पंज नळाखाली धरून चोळून चोळून पांढरे केले. त्या दिवशी नळाला टीसीएल पावडरचा वास येत होता, पावसाळा होता, जलसुरक्षक भाऊ त्यांचं काम नीट करत होते. राहिलेलं काम आम्ही केलं. टाकीतलं सगळं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरायला लावलं.

सकाळी चौदा मासे मेलेले. उरलेले तीन-चार दिवसांत गेले. त्या गाभण माद्याही गेल्या.

टीसीएलमधल्या क्लोरीननं माशांचे कल्ले भाजले आणि स्पंजातले जिवाणू मारले. जे मासे क्लोरीनमधून वाचले, त्यांना पुढच्या दिवसांत साठलेल्या अमोनियानं गाठलं. हे आम्हाला नंतर समजलं, एका मत्स्य प्रशिक्षणात. ताईच्या घरात मात्र तोवर बोलणी सुरू झाली होती, "गटाचे पैसे पाण्यात घातलेस" अशी. गटाच्या बैठकीत आम्ही उभं राहून सांगितलं की सल्ला आमचा होता. व्याज माफ झालं, मुद्दल ताईनं फेडायचंच म्हटलं. पुढचे चार महिने त्या दुसऱ्याच्या रानात खुरपणीला गेल्या आणि हप्ता भरला. एकही चुकवला नाही.

तेव्हापासून टाकी बसवताना आम्ही पहिलं वाक्य हेच सांगतो की फिल्टरला विरजण लावावं लागतं. नुसतं दूध भांड्यात ठेवून दही होत नाही, कालच्या दह्याचा चमचा लागतो आणि रात्रभर वाट बघावी लागते. फिल्टरचं तसंच आहे, फक्त इथली रात्र चार ते सहा आठवड्यांची. टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होतं. घाबरून ओतून देऊ नका, ते आपोआप निवळतं. घाई असेल तर निरोगी, जुन्या टाकीतला वापरता स्पंज आणून नव्या फिल्टरशेजारी ठेवा किंवा त्याच टाकीच्या पाण्यात पिळून ते काळं पाणी नव्या टाकीत घाला. दिवस निम्म्यावर येतात. टाकी निरोगी आहे ना, एवढं बघून घ्या. आंबलेल्या दह्याचं विरजण लावलं तर पुढचं दहीही तसंच.

विरजण लागलं का, हे तपासायला दुकानात थेंबांची किट मिळते. पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं की मासे सोडायचे, तेही एकदम बारा नाही. आधी चार, मग दहा-पंधरा दिवसांनी आणखी चार. एकटीनं किट घेणं महाग पडतं. आम्ही गटात एकच ठेवली आहे, ती सात घरं फिरते.

आता फिल्टर घ्यायचा कुठला? दुकानात गेलं की डोळे फिरतात. टाकीच्या काठाला लटकणारा, वरून पाणी सोडणारा, खड्यांखाली बसणारा, बाहेर ठेवायचा डबाबंद. सगळे आपापल्या जागी ठीक आहेत. पण आपल्या गावात वीज किती वेळ जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. डबाबंद फिल्टर दोन-चार तास बंद राहिला की आतल्या जिवाणूंना हवा मिळत नाही. ते मरतात, आतलं पाणी नासतं, आणि वीज आली की तेच पाणी टाकीत पडतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे, ५० लिटरच्या टाकीला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. स्वस्त असतो, बिघडायला त्यात काही नसतं, आणि बारीक पिल्लं त्यात ओढली जात नाहीत. पंपाची हवा बुडबुडे होऊन नळीतून वर चढते, तिच्याबरोबर पाणी वर जातं, आणि त्याची जागा घ्यायला टाकीतलं पाणी स्पंजातून आत शिरतं. एवढंच त्याचं यंत्र. ३ वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी दोन-सव्वादोन युनिट वीज लागते. हे घरातल्या माणसांना सांगा, कारण रात्री कुणीतरी "उगाच कशाला" म्हणून बटण बंद करतंच. फिल्टर रात्रीही चालूच हवा. जमलं तर टाकीत दोन छोटे स्पंज बसवा. का, ते पुढं येईल.

आणखी दोन वस्तू दुकानदार आग्रहानं देतात. एक कोळशाची पिशवी. ती पाण्याचा रंग, वास आणि औषध शोषते, पण अमोनियाला तिचा उपयोग नाही, आणि काही आठवड्यांत तिचं काम संपतं. दुसरी अल्ट्राव्हायोलेट दिव्याची नळी. हिरवं पाणी निवळायला ती बरी, पण घरच्या लहान टाकीला गरज नाही.

आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "ताई, पिण्यासाठी जार आणतो, ते आरओचं पाणी टाकीत घालू का?" नको. आरओमध्ये पाण्यातले क्षार बरेचसे निघून जातात. गप्पी आणि मोलीला थोडं जड पाणीच मानवतं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण मोली त्यात खुशाल राहतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर एका ड्रममध्ये काढून दिवसभर उघडं ठेवा आणि मग वापरा. नळाचं टीसीएल घातलेलं पाणीही चोवीस तास उघड्या ड्रममध्ये ठेवलं, मधून मधून ढवळलं, की क्लोरीन उडून जातो. अगदीच नड असेल तर दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, त्याचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढेच.

टाकी मांडताना जागा पक्की बघा. भरलेली टाकी काच, खडे धरून ७० किलोच्या घरात जाते, डुगडुगत्या टेबलावर ठेवू नका. खाली थर्माकोलचा पत्रा घाला. ऊन थेट पडू देऊ नका. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. उंच ठेवणं जमत नसेल तर नळीत उलटं पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. वायर सरळ बोर्डाकडं नेऊ नका, मध्ये खाली झोळ पडू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब बोर्डात न जाता जमिनीवर पडेल. टाकीत हात घालायच्या आधी बटण बंद.

पंप खोलीतलीच हवा ओढतो, हे विसरू नका. त्या खोलीत डासांची कॉइल किंवा फवारा नको. आणि रानात औषध फवारून आलेल्या माणसानं तर त्या हातानं टाकीला शिवूच नये. पिकावरची काही औषधं माशाला थेंबभरही सोसत नाहीत.

रोजच्या कामाचं थोडक्यात. आठवड्यातून एकदा टाकीतलं एक हंडा पाणी काढायचं आणि ड्रममधलं एक हंडा घालायचं. नायट्रेट कमी करायचा हाच सोपा उपाय. काढलेलं पाणी परसातल्या वांग्या-मिरचीला घाला, झाडं आनंदानं पितात. मात्र टाकीत मीठ किंवा औषध घातलं असेल तेव्हा नको. स्पंज दोन-तीन आठवड्यांनी, बुडबुडे मंदावले की धुवायचा, तो त्या काढलेल्या पाण्यातच. दोन-तीनदा पिळायचा आणि परत लावायचा. तो काळपटच राहणार, राहू द्या. साबण नाही, नळ नाही, ऊन नाही. दोन स्पंज असतील तर या वेळी एक, पुढच्या वेळी दुसरा, म्हणजे निम्मं विरजण कायम टाकीत राहतं.

वीज फार वेळ गेली तर खाणं टाकू नका, आणि तासा-दोन तासांनी तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वरून धार सोडा, हवा मिसळते. उन्हाळ्यात हे जास्त लागतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारे छोटे पंपही मिळतात. आमच्या त्या ताईंनी असा एक घेतला आहे.

हो, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आधी एकच टाकी, सहा आठवडे बिनमाशांची. शेजारणी हसायच्या, "रिकाम्या पाण्याला कसला पंप लावलाय?" म्हणून. आता त्यांच्याकडं चार टाक्या आहेत, आणि बाकीच्या सहा जणींच्या टाक्यांना विरजण त्यांच्याच स्पंजाचं लागलं आहे.

तुमच्यापैकी कुणाला हवं असेल तर आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या १० तारखेला दुपारी समाजमंदिरात असते. स्पंजाचा तुकडा फुकट मिळेल. येताना झाकणाचा डबा आणा, त्यात तुमच्याच टाकीचं किंवा ड्रममधलं पाणी अर्धं भरून. डबा साबणानं घासलेला नको, बायांनो, नुसता विसळलेला आणा.