गोळी आधी की तपासणी आधी?

(गणेशोत्सवातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. रेल्वेत यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या जेवणाच्या टेबलावर व्हिटॅमिनच्या बाटल्या दिसतात. काही मुलांनी अमेरिकेहून आणलेल्या, काही शेजाऱ्यांनी सुचवलेल्या. डॉक्टरांना विचारले का, असे म्हटले की उत्तर ठरलेले, "ताकदीच्याच आहेत, घेतल्या तर बिघडले कुठे?"

बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडले की ते तापते, हे सर्वांना पटते. पण ग्रीस जास्त भरले तरीही ते तापते! पूरक आहाराचे तसेच आहे. पूरक म्हणजे कमी असलेले भरून काढणारे. म्हणून आधी काय कमी आहे, ते कळले पाहिजे.

पहिले उदाहरण बी-१२ चे. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळते. भाजी-डाळीत ते नसते. वय वाढते तशी जठरातील आम्लता अनेकांमध्ये कमी होते आणि अन्नातले बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते घटू शकते. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होते. घरचे म्हणतात, "आता वय झाले." पण कारण बी-१२ असेल, तर साध्या रक्ततपासणीने बहुधा कळते आणि स्वस्त गोळीने किंवा इंजेक्शनने उपचार होतो. उशीर झाला, तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. मात्र म्हणून मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरे, ड जीवनसत्त्व. कमतरता असेल तर ते जरूर घ्यावे. पण ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी ठरावीक आठवड्यांसाठी असते. तीच महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की रोज २,००० युनिट घेऊनही सर्वसाधारण निरोगी माणसांची हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. म्हणजे जिथे खड्डा नाही, तिथे भर घालून उपयोग नाही.

कधी अपायही होतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, वाढलेला आढळला. कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतली, तर थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे.

मग रोजचे काय? नाचणीची भाकरी, तीळ, दूध-ताक, डाळ-उसळ, चालत असेल तर अंडे-मासे. जोडीला चालणे आणि थोडे ऊन. एकटे राहणारे पुष्कळ ज्येष्ठ रात्री चहा-खारीवर भागवतात आणि वर मल्टीव्हिटॅमिन घेतात. त्या गोळीत जेवणातली प्रथिने नसतात. मुलांनी बाटली जरूर आणावी, पण आई-बाबा रात्री काय जेवले, हेही रोज विचारावे.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून न्या आणि विचारा, "यातले मला खरोखर काय लागते?" बहुधा पिशवी हलकी होऊन घरी येईल.

बाप्पा सर्वांना निरोगी दीर्घायुष्य देवो. गणपती बाप्पा मोरया!