शिट्टी पंचाची, खुर्ची कमिशनरची



खेळात घोटाळा झाला की आपल्याकडे पहिली मागणी होते ती अध्यक्षांच्या राजीनाम्याची. कुणी खाल्लं, किती खाल्लं, कसं खाल्लं याचा तपास लागायचा तेव्हा लागो. राजीनामा मात्र संध्याकाळपर्यंत हवा असतो. तो मिळाला की सगळे शांत होतात आणि पुष्कळदा तपासही तिथेच शांत होतो. ही मागणी केव्हा रास्त असते आणि केव्हा नुसती हौस असते, हे पाहायला मी आज तुम्हांला अमेरिकेत नेणार आहे, 2007 सालात. खेळ बास्केटबॉलचा. लीग एनबीए. लीगच्या प्रमुखाला तिथे कमिशनर म्हणतात आणि त्या वेळचे कमिशनर होते डेव्हिड स्टर्न.

20 जुलै 2007 ला ‘न्यूयॉर्क पोस्ट’नं बातमी फोडली की एनबीएचा एक पंच सट्टेबाजीच्या प्रकरणात एफबीआयच्या जाळ्यात आहे. पंचाचं नाव टिम डॉनही. तेरा हंगाम त्यानं एनबीएत पंचगिरी केली होती. कुणी शिकाऊ, कच्चा माणूस नव्हे; त्याच उन्हाळ्यात बाद फेरीचे सामने त्याच्याकडे होते. ऑगस्टमध्ये त्यानं ब्रुकलिनच्या कोर्टात दोन गुन्हे कबूल केले आणि पुढच्या वर्षी, जुलै 2008 मध्ये, त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली. त्याच्याबरोबर दोघे शाळासोबती अडकले. एक सट्टा लावणारा, दुसरा मधला निरोप्या.

हे चालायचं कसं, ते जरा जवळून पाहू. अमेरिकेतला सट्टा नुसता कोण जिंकणार यावर लागत नाही, किती गुणांनी जिंकणार यावर लागतो. समजा, बाजार म्हणतो की अमुक संघ साडेसहा गुणांनी जिंकेल. शेवटचं अर्धं मिनिट उरलंय, तो संघ 98-93 असा पाच गुणांनी पुढे आहे. पंचानं एक शिट्टी वाजवली, फाउल दिला, दोन फ्री थ्रो पडले, फरक सात झाला. जिंकणारा जिंकलाच, हरणारा हरलाच. प्रेक्षक टोपी घालून घरी निघाले. पण लास व्हेगासपासून फिलाडेल्फियापर्यंत पैसे या खिशातून त्या खिशात गेले. निकाल न बदलता सामना विकता येतो. या खेळात पंचाला मिळणारी ही सवलत भयंकर आहे, कारण फाउल हा पुष्कळ वेळा बघणाऱ्याच्या नजरेवर असतो. धक्का लागला की लावला, यावर दोन प्रामाणिक पंचांचंही एकमत होत नाही.

डॉनहीनं शिट्ट्या मुद्दाम वाजवल्या, हे सरकारी तपासात सिद्ध झालं नाही. त्यानंही ते कधी कबूल केलं नाही. पुढे पत्रकारांनी आकडे लावून शंका घेतल्या, पण तो वाद आपण बाजूला ठेवू. कबूल केलं ते इतकंच, आणि तेवढंही पुरे आहे : सट्टा लावला आणि आतली माहिती विकली. सामन्यापूर्वी तो त्या निरोप्या मित्राला फोन करायचा. बोलणं अगदी घरगुती. मित्राला दोन भाऊ. बोलण्यात एका भावाचं नाव आलं की पैसे यजमान संघावर लावायचे, दुसऱ्याचं आलं की पाहुण्यांवर. अंदाज बरोबर आला की सुरुवातीला दोन हजार डॉलर, पुढे पाच हजार. पंच म्हणून त्याचा वर्षाचा पगार अडीच लाख डॉलरच्या वर होता, हे ध्यानात घेतलं की पोटासाठी केलं असं म्हणायची सोय उरत नाही.

आता विकण्याजोगी आतली माहिती म्हणजे काय? कुठला खेळाडू लंगडतोय, हे एक. पण जास्त मोलाची माहिती वेगळीच होती : आज रात्री कुठल्या सामन्याला कुठले तीन पंच आहेत. कारण प्रत्येक पंचाची तऱ्हा वेगळी. कुणी फाउल भराभर देतो, कुणाचं अमुक खेळाडूशी पटत नाही, कुणी यजमानांच्या गर्दीपुढे नरम पडतो. पंच मंडळींना ते आपापसांत ठाऊक असतं. आणि पंचांची नावं लीग सामन्याच्या जेमतेम दीड तास आधी जाहीर करायची. तोवर कडेकोट गुप्तता.

माझ्या मते या प्रकरणाची नाडी इथे सापडते. लीगनं गुप्तता पाळली ती सट्टेबाजांना माहिती मिळू नये म्हणून. पण गुप्त ठेवलं म्हणूनच त्या तीन नावांना भाव आला. घोटाळ्यानंतर लीगनं काय केलं? पंचांची नावं सामन्याच्या दिवशी सकाळीच जाहीर करायला सुरुवात केली. झालं! कालपर्यंत हजारो डॉलरला जाणारी वस्तू फुकट झाली. इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं, हा प्रश्न डॉनहीला विचारण्यात अर्थ नाही. तो स्टर्नना विचारायचा.

स्टर्न हे साधंसुधं प्रकरण नव्हतं, हेही सांगायला हवं. वडिलांचं न्यूयॉर्कमध्ये खाद्यपदार्थांचं दुकान, पोरगा तिथे काम करून वाढला, पुढे वकील झाला, लीगचा कायदेशीर सल्लागार झाला आणि 1984 मध्ये कमिशनर. ते आले त्याच्या तीन-चार वर्षं आधीपर्यंत एनबीएच्या अंतिम फेरीचे काही सामने अमेरिकेत थेट न दाखवता रात्री उशिरा ध्वनिचित्रफितीवरून दाखवत असत. म्हणजे बघा, फायनलला कुणी विचारत नव्हतं. स्टर्ननी तेवीस संघांचे तीस केले आणि मायकल जॉर्डनचं नाव आपल्याकडच्या खेडेगावातल्या पोरांच्या टी-शर्टवर आणलं. माणूस हुशार, तिखट आणि आपल्या पंचांबद्दल एक शब्द ऐकून न घेणारा.

डॅलस संघाचे मालक मार्क क्यूबन यांनी 2002 साली पंचविभागाच्या प्रमुखावर टीका केली. हा गृहस्थ आइस्क्रीमचं दुकानसुद्धा चालवायच्या लायकीचा नाही, अशा अर्थाचं बोलले. स्टर्ननी पाच लाख डॉलर दंड ठोकला. (क्यूबन मग खरोखरच एक दिवस तशा एका आइस्क्रीमच्या दुकानात गल्ल्यावर उभे राहिले आणि लोकांनी रांगा लावल्या. श्रीमंतांची गंमतही महाग असते.) 2005 मध्ये ह्यूस्टनचे प्रशिक्षक जेफ व्हॅन गंडी म्हणाले की आमच्या याओ मिंगवर पंच ठरवून डोळा ठेवून आहेत, हे मला लीगशी संबंधित माणसानंच सांगितलं. त्यांना एक लाख डॉलर दंड. आरोप खरा की खोटा, हा वेगळा भाग. पंचांबद्दल जाहीर बोललात तर खिसा रिकामा होईल, हा संदेश मात्र सगळ्यांना पोचला.

24 जुलै 2007 ला स्टर्न पत्रकारांपुढे बसले. चेहरा पडलेला. एनबीएचा प्रेक्षक, वकील आणि कमिशनर म्हणून आपण पाहिलेला हा सर्वांत वाईट प्रसंग आहे, असं त्यांनी सांगितलं आणि हा एकट्या बदमाश माणसाचा गुन्हा आहे, अशी बाजू मांडली. आपले पंच किती तपासले जातात, प्रत्येक सामन्याला निरीक्षक कसा असतो, एकेका शिट्टीची नोंद कशी होते, हेही त्यांनी तपशीलवार ऐकवलं. ते खोटं नव्हतं. फक्त ती यंत्रणा शिट्टी बरोबर होती की चूक एवढंच पाहत होती. त्या शिट्टीनं कुणाचा सट्टा साधला, हे पाहायला कुणी नव्हतं. डॉनहीनं चार हंगाम सट्टा लावला आणि अचूकतेच्या परीक्षेत तो वरच्या गटात पास होत राहिला. त्याच्या वागणुकीची चौकशी तर लीगनं स्वतः 2005 मध्ये केली होती, शेजाऱ्याशी झालेल्या भांडणावरून. जुगाराबद्दलही विचारपूस झाली. हाती काही लागलं नाही. शेवटी त्याला पकडलं ते लीगनं नव्हे, न्यूयॉर्कच्या माफिया टोळीच्या मागावर असलेल्या एफबीआयनं.

मग स्टर्ननी राजीनामा द्यायला हवा होता का? अमेरिकेत तेव्हा तशी हाकाटी झालीच.

सोसायटीत चोरी झाली म्हणून कुणी चेअरमनला पायउतार व्हायला सांगत नाही. पण वॉचमनबद्दल तक्रार करणाऱ्या सभासदाला चेअरमन दंडाची पावती फाडत असतील, तर चोरीनंतर सभेत त्यांना उभं करायलाच हवं. स्टर्न यांच्यावर माझा आक्षेप नेमका हा आहे. एक पंच बिघडला, हा त्यांचा दोष नव्हे. साठेक पंचांमध्ये एक लबाड निघणार नाही, याची हमी कुठला कमिशनर देईल? पण पंचांविषयी बोलायची सोय बंद करणं, त्यांचे गुणांक कुलपात ठेवणं, चुकांचा हिशोब फक्त आपल्याच टेबलावर यावा अशी व्यवस्था करणं, हे त्यांचं स्वतःचं कर्तृत्व होतं. जुगाराबाबतचे नियमही असेच. कागदावर इतके कडक की कसिनोत पाऊल टाकायला बंदी; चौकशीत निघालं की निम्म्याहून अधिक पंच कसिनोत खेळून आले होते. स्टर्ननी कुणालाच शिक्षा केली नाही, नियमच बदलले. ते शहाणपणाचं होतं. पण आपल्या हाताखालचे निम्मे लोक नियम मोडतात आणि साहेबांना त्याचा पत्ता नसतो, हे काही बरं प्रशस्तिपत्र नव्हे.

तरीही जुलै 2007 मध्ये त्यांनी जायला हवं होतं, असं मला वाटत नाही. एफबीआयचा तपास चालू, पुढचा हंगाम तीन महिन्यांवर. अशा वेळी प्रमुख गेला तर उत्तरं कोण देणार? आपण राजीनाम्याला प्रायश्चित्त समजतो आणि ते फार स्वस्तात मिळतं. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांनी गृहमंत्रिपद सोडलं आणि वर्षभरात, निवडणुकीनंतर, तेच पुन्हा गृहमंत्री झाले. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही विचारतो, त्या मधल्या वर्षात नेमकं काय दुरुस्त झालं?

काही वेळा मात्र राजीनामा त्याच दिवशी लागतो. 2006 मध्ये इटलीच्या फुटबॉलमध्ये पंच नेमणाऱ्यांशी क्लबच्या बड्या माणसांची फोनवरची बोलणी उघड झाली. युव्हेंटससारखा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि महासंघाचे अध्यक्ष फ्रांको कारारो यांना जावं लागलं. तिथे बिघाड एका पंचात नव्हता, पंच नेमण्याच्या खोलीतच होता. आपल्या आयपीएलचं 2013 चं सट्टेबाजीचं प्रकरण आठवा. मुंबई पोलिसांनी आरोपपत्रात पाकिस्तानी पंच असद रौफ यांचं नाव घातलं, पुढे 2016 मध्ये क्रिकेट मंडळानं त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आणली. पण श्रीनिवासन यांचा राजीनामा मागितला गेला तो पंचामुळे नव्हे. मंडळाचे अध्यक्ष ते, चेन्नईचा संघ त्यांच्या कंपनीचा आणि अटक झालेली त्यांच्या जावयाला. चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी व्हायची तो, दोघे एकाच घरात. तेव्हा सचिव संजय जगदाळे आणि पुण्याचे अजय शिर्के, खजिनदार, यांनी पदं सोडली; अध्यक्ष महाशय ‘तात्पुरते बाजूला’ झाले. ज्यांच्यावर आरोप नव्हता ते गेले, हा आपल्या क्रिकेटचा खास शिरस्ता.

स्टर्न यांचा कुठला संघ नव्हता, जावई नव्हता. म्हणून पहिल्या दिवशी त्यांना जा म्हणायला आधार नव्हता. पण ऑक्टोबर 2008 मध्ये आधार तयार झाला, असं मी म्हणेन. लीगनं लॉरेन्स पेडोवित्झ या माजी सरकारी वकिलाकडून चौकशी करून घेतली होती. तिचा अहवाल तेव्हा आला : जाड, कसून केलेला. दुसरा कुठला पंच गुन्ह्यात सापडला नाही, असा निष्कर्ष. सगळं ठीक. पण चौकशी कुणी नेमली? लीगनं. फी कुणी दिली? लीगनं. अहवाल स्वीकारला कुणी? लीगनं. पंचविभागावर निवृत्त लष्करी अधिकारी आणला, तोही लीगच्याच कचेरीत, स्टर्न यांच्याच छत्राखाली. त्या दिवशी स्टर्ननी मालकांना सांगायला हवं होतं की पंचांचं खातं माझ्या हाताबाहेर काढा, स्वतंत्र करा, आणि ते जमणार नसेल तर माझ्या जागी दुसरा शोधा. ते बोलले नाहीत. मालकांनी विचारलं नाही, कारण कमिशनर नेमतात तीस संघांचे मालक आणि त्यांची तिजोरी भरत होती. तिकीट काढणाऱ्याला तिथे मत नाही.

स्टर्न गेले ते स्वतः ठरवलेल्या तारखेला, 1 फेब्रुवारी 2014 ला, बरोबर तीस वर्षं भरवून. त्यांच्या मागून आलेल्या ॲडम सिल्व्हर यांनी 2015 पासून नवा पायंडा पाडला : सामना अटीतटीचा झाला असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी कुठे बरोबर आणि कुठे चूक निर्णय दिला, याचा अहवाल दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी खुला. पंचांच्या संघटनेला हे मुळीच आवडलेलं नाही. खेळाडूही कुरकुरतात, कारण चूक कबूल झाली तरी निकाल बदलत नाही. मला ते पाऊल बरं वाटतं. मात्र एनबीएचा सामना 48 मिनिटांचा असतो. उरलेल्या 46 मिनिटांचे निरीक्षकांचे शेरे आजही लीगच्याच कपाटात आहेत.