पदवी परदेशची, पण चालायची कुठे?

परदेशी विद्यापीठाची एम्.ए., एम्.एस्. आता घरबसल्या ऑनलाइन मिळते. ‘ती चालेल का?’ असे तुम्ही विचाराल, तर मी उलट विचारीन, चालायची कुठे? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१४ साली संगणकशास्त्राची ऑनलाइन एम्.एस्. सुरू केली. प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्दसुद्धा नाही! खाजगी कंपनीला तेवढे पुरेल. इथे प्राध्यापकी किंवा पीएच्.डी. करायची, तर मात्र समकक्षतेचा दाखला लागतो. आणि तो देताना शिक्षण वर्गात झाले की पडद्यावर, हेही पाहिले जाते. तिकडची मान्यता म्हणजे इकडची समकक्षता नव्हे. प्रवेश मिळवून देणारा दलाल ‘सगळीकडे चालते हो’ म्हणणारच; त्याचे काय जाते? तेव्हा फी भरण्याआधी, जिथे पुढे अर्ज करायचा तिथूनच लेखी उत्तर मागवा.